टॅबवर काढलेल्या चित्रावरून मन ओळखता येते का?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेली बरीच पत्रे एकाच विषयावरची निघाली. शाळेत, दवाखान्यात किंवा मोबाइलवर चित्र काढायला लावायचे आणि त्यावरून माणसाच्या मनाची तब्येत सांगायची, हा प्रकार आता आपल्या खेड्यांपर्यंत येऊन पोहोचला आहे, असे त्यांवरून दिसते. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे आणि गावे नेहमीप्रमाणे वगळली आहेत.

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. मार्च महिन्यात एका संस्थेचे कार्यकर्ते टॅब घेऊन आले आणि पाचवी ते सातवीच्या बासष्ट मुलांकडून त्यांनी बोटाने पडद्यावर घर, झाड आणि माणूस अशी चित्रे काढून घेतली. त्याच दिवशी अहवाल आला. चौदा मुलांच्या नावांपुढे लाल खूण होती आणि ‘चिंतेचा धोका जास्त’ असा शेरा होता. ती यादी गावात फुटली. दुसऱ्या दिवशी एका मुलाचे वडील शाळेत आले आणि “बाई, माह्या पोराच्या डोक्यात काई बिघाड हाय का?” असे विचारून रडू लागले. मी त्यांना काय सांगावे, आणि या अहवालावर किती विश्वास ठेवावा?

उत्तर : त्या वडिलांना आधी एवढे स्पष्ट सांगा की लाल खूण म्हणजे आजार नव्हे, आणि पंधरा मिनिटांत काढलेल्या चित्रावरून एखाद्या मुलाला मानसिक आजार आहे असे कोणताही जबाबदार तज्ज्ञ म्हणणार नाही. हे सांगताना त्यांना बसवून घ्या आणि मुलाला समोर उभे करू नका. पुढचा खुलासा आपल्यासाठी आहे. उद्या पुन्हा कोणी टॅब घेऊन आले तर तो उपयोगी पडेल.

टॅबवरच्या चित्रातून दोन निरनिराळ्या गोष्टी हाती येतात : मुलाने काय काढले, आणि ते कसे काढले. बहुतेक गोंधळ या दोन गोष्टींची सरमिसळ केल्यामुळे होतो.

काय काढले यावरून माणसाला वाचण्याचा खटाटोप जुना आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी १९२६ मध्ये मुलांकडून माणसाचे चित्र काढून घेण्याची चाचणी मांडली, तेव्हा तिचा हेतू मर्यादित होता. चित्रातले डोळे, मान, बोटे, कपडे असे तपशील मोजायचे आणि मुलाची बौद्धिक वाढ वयाला साजेशी आहे का याचा अंदाज घ्यायचा, इतकेच त्यात अपेक्षित होते. बडोद्याच्या प्रमिला फाटक यांनी ही चाचणी भारतीय मुलांसाठी बेतून दिली. पुढे १९४८ मध्ये जॉन बक यांनी घर, झाड आणि माणूस ही तिहेरी चाचणी आणली आणि १९४९ मध्ये कॅरन मॅकोव्हर यांनी माणसाच्या चित्रावरून स्वभाव सांगण्याची पद्धत मांडली; येथून मोजणी मागे पडली आणि अर्थ लावण्याला ऊत आला. डोळे ठळक काढले तर माणूस संशयी, हात काढले नाहीत तर असहाय, झाडाला पाने नसतील तर उदास, घराला खिडकी नसेल तर मन मिटलेले, अशा जोड्या लावल्या जाऊ लागल्या.

या जोड्यांची परीक्षा लोरेन आणि जीन चॅपमन या दांपत्याने १९६७ मध्ये मोठ्या कल्पकतेने घेतली. त्यांनी मानसशास्त्राचे शिक्षण न झालेल्या विद्यार्थ्यांना रुग्णांनी काढलेली चित्रे दाखवली आणि प्रत्येक चित्रासोबत लक्षणे मात्र मुद्दाम वाटेल तशी, कसलाही मेळ न ठेवता लिहिली. तरीही संशयी माणसाच्या चित्रात डोळे वेगळे असतात, असे त्या विद्यार्थ्यांना ‘आढळले’. आणि अनुभवी तज्ज्ञही आपल्या रोजच्या कामाच्या आधारे नेमके तेच सांगत होते. डोळे आणि संशय यांची जोडी पाहणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून होती आणि चित्र केवळ निमित्त ठरत होते. हीच जोडी एखाद्याने टॅबमधल्या आज्ञावलीत भरली, तर चूक तीच राहते, फक्त तिला आकडा चिकटतो आणि ती अधिक खरी वाटू लागते.

चित्रे मार्चमध्ये काढली गेली, हे आपण आवर्जून लिहिलेत ते बरे झाले. त्या दिवसांत यवतमाळच्या जंगलातला साग उघडा पडलेला असतो, पळसावर पानांऐवजी फुले असतात आणि वावरात वेचणी आटोपलेल्या पऱ्हाटीच्या नुसत्या काड्या उभ्या असतात. अशा वेळी एखाद्या मुलाने बिनपानांचे झाड काढले असेल तर त्याचे निरीक्षण चांगले आहे, एवढेच त्यावरून म्हणता येईल. कुडाच्या भिंतीला खिडकी बहुधा नसतेच, मग ती चित्रात कोठून येणार? हीच चाचणी पोळ्यानंतरच्या आठवड्यात घेतली असती तर अर्ध्या वर्गाच्या चित्रांत माणसापेक्षा बैल मोठा निघाला असता. अशाच एका चित्रावरून ‘वडिलांविषयी भीती’ असा निष्कर्ष काढलेला अहवाल माझ्यासमोर आला होता आणि त्या मुलाने मला फार अभिमानाने सांगितले होते की त्याच्या बैलाला त्या वर्षी गावात पहिला नंबर मिळाला होता.

आता ‘कसे काढले’ याकडे वळू. टॅबचे खरे सामर्थ्य येथे आहे आणि ते मी नाकारत नाही. दाब ओळखणारे इलेक्ट्रॉनिक पेन सेकंदाला शंभर-दोनशे वेळा आपल्या टोकाची जागा नोंदवते. रेघ किती वेगाने ओढली, कोठे थांबली, हात किती जोराने टेकला, पेन किती कलले होते आणि दोन रेघांच्या मध्ये ते हवेत किती वेळ राहिले, हे सारे त्यात उतरते. कागदावर यातले जवळजवळ काहीच उरत नाही. नैराश्यात माणसाच्या हालचाली आणि विचार मंदावू शकतात ही मानसोपचारातील जुनी आणि पक्की नोंद आहे, त्यामुळे हाताच्या गतीवरून काही सुगावा लागेल ही कल्पना मुळात चुकीची नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय संशोधनात १२९ जणांकडून पंचकोन, घर, वर्तुळे, घड्याळ आणि काही अक्षरलेखन अशा पेनने केलेल्या कृती नोंदवून त्या नैराश्य, चिंता आणि ताण मोजणाऱ्या प्रश्नावलीच्या उत्तरांशी ताडून पाहिल्या गेल्या. संगणकाचा अंदाज नाणेफेकीपेक्षा सरस ठरला, परंतु एका माणसाविषयी निकाल द्यावा इतका तो पक्का नव्हता. शिवाय ती सारी प्रौढ, शिकलेली आणि पेन रोज हाताळणारी माणसे होती.

आपल्या शाळेत यातले काय होते? मुलांनी बोटाने चित्रे काढली, आणि बोटाच्या स्पर्शावर चालणारा साधा टॅब दाब खऱ्या अर्थाने मोजतच नाही. ज्याच्या घरी मोठा मोबाइल आहे ते मूल पडद्यावर सराईतपणे बोट फिरवते. ज्याने टॅबला पहिल्यांदाच हात लावला ते मूल, फुटला तर बाप मारेल या धाकाने, थांबत थांबत रेघ ओढते. यंत्राला दोन्हींतला फरक कळत नाही आणि गरिबीतून आलेला संकोच त्याच्या हिशेबात ‘चिंता’ म्हणून जमा होतो. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेली मुले कितीतरी शाळांत आहेत. अंगदुखी आणि रक्ताची कमतरता असलेल्या मुलाचा हातही सावकाश चालतो. चष्म्याची गरज असूनही चष्मा नसलेले मूल हे आणखी एक उदाहरण.

एवढे सगळे बाजूला ठेवून चाचणी चांगली आहे असे गृहीत धरले, तरी एक हिशेब शिल्लक राहतो आणि तो आपण गणिताच्या तासाला फळ्यावर मांडू शकाल. समजा दोनशे मुलांपैकी दहा मुलांना खरोखर मदतीची गरज आहे, आणि चाचणी अशा दर दहांपैकी आठ मुलांना अचूक पकडते, पण ज्यांना काही झालेले नाही अशा दर शंभरांपैकी वीस मुलांवरही चुकून खूण करते. मग खऱ्या आठांच्या जोडीला १९० निरोगी मुलांपैकी ३८ जणांना लाल खूण मिळेल. एकूण ४६ खुणा, त्यांत खऱ्या आठ, आणि मदतीची गरज असलेली दोन मुले हिरव्या खुणेने निर्धास्तपणे घरी गेलेली. चाळणी म्हणून हे कदाचित चालेल, परंतु त्यासाठी खूण झालेल्या प्रत्येक मुलाशी लगेच, एकांतात बोलणारा प्रशिक्षित माणूस हाताशी हवा. तो नसताना यादी देऊन निघून जाणे हा निव्वळ अपराध आहे, आणि हा शब्द मी विचारपूर्वक वापरते.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगते. त्या चौदा नावांची यादी फळ्यावर, हजेरीपटावर किंवा पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर राहू देऊ नका. मुलांची चित्रे आणि माहिती कोठे ठेवली आहे आणि ती पुसून टाकणार का, हे संस्थेला लेखी विचारा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. नंतर यादी बाजूला ठेवून आपल्या बासष्ट मुलांकडे आपल्याच डोळ्यांनी पाहा. कोण पूर्वी बोलत होते आणि दिवाळीनंतर गप्प झाले, कोणाचा डबा उघडलाच जात नाही, कोण वारंवार पोट दुखते म्हणून घरी जाते, कोणाच्या घरी नुकताच मृत्यू झाला, हे आपल्याला त्या टॅबपेक्षा कितीतरी चांगले माहीत असते. ज्याच्याविषयी शंका वाटेल त्याच्या पालकांना सरकारी रुग्णालयातील किशोरवयीनांसाठीच्या मैत्री क्लिनिकचा रस्ता दाखवा. रडणाऱ्या त्या वडिलांना पुन्हा एकदा बोलावून मुलाविषयी चार चांगल्या गोष्टी सांगा, कारण आज त्या मुलाला सर्वांत मोठा धोका त्याच्या नावापुढे लागलेल्या शिक्क्याचाच आहे.

प्रश्न : माझा सात वर्षांचा मुलगा हल्ली सगळी चित्रे काळ्या रंगानेच काढतो. हे नैराश्याचे लक्षण असते, असे मोबाइलवर वाचले. (एक आई, चंद्रपूर जिल्हा)

उत्तर : आधी रंगपेटी उघडून इतर खडू तुटले आहेत का ते पाहावे. विनोद म्हणून लिहीत नाही. अशा तीनपैकी एका तक्रारीचे उत्तर मला तेथेच सापडले आहे. एकट्या रंगावरून नैराश्य ओळखता येत नाही. मुलगा खेळतो, जेवतो, झोपतो आणि शाळेत जायला कुरकुर करत असला तरी जातो, एवढे असेल तर चित्रे त्याची त्याला काढू द्यावीत.

प्रश्न : मी अमरावती जिल्ह्यात आशा म्हणून काम करते. घरभेटीत उदासीनतेची प्रश्नावली विचारताना वयस्क शेतकरी गप्प बसतात किंवा ‘सगळं बरं हाय’ म्हणून मोकळे होतात. प्रश्न विचारण्याऐवजी टॅबवर काही रेघा काढून घेतल्या आणि यंत्राने उत्तर दिले, तर आमचे काम सोपे होणार नाही का?

उत्तर : ताई, आपली अडचण मला पूर्ण पटते, परंतु उपाय पटत नाही. नैराश्याच्या चाळणीसाठी जगभर वापरली जाणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली नऊ प्रश्नांची असते, तिचे गुण शून्य ते सत्तावीस असतात आणि गेल्या दोन आठवड्यांविषयी ती विचारते. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांविषयी आहे. कोणतीही रेघ, कितीही संथ किंवा थरथरती असली तरी, या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही. आणि आपल्या भागात तर तो एक प्रश्न उरलेल्या आठांवर भारी आहे.

हातांविषयीही विचार करावा. पन्नाशीच्या शेतकऱ्याचा हात थरथरण्याची कारणे अनेक असतात : दारू, थायरॉइड, दम्याची औषधे, कंपवात, फवारणीतून झालेली विषबाधा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने काय हाहाकार उडवला होता, ते आपल्याला सांगायला नको. मानसिक आजारावरच्या काही औषधांनीही हात जड होतो, म्हणजे उपचार घेऊन बरा होत असलेला माणूस यंत्राला अधिक आजारी दिसू शकतो.

माणसे बोलत नाहीत हे खरे, पण ती बोलती होतात याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला गेला आणि त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारासाठी पुढे येणाऱ्यांचे प्रमाण सुरुवातीला ४.३ टक्के होते, ते नंतर २७.२ टक्क्यांवर गेले. हे घडले ते गावातल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी सभा घेतल्या, घरी जाऊन बोलणी केली आणि गरज पडली तेव्हा डॉक्टरांपर्यंत नेले म्हणून. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठीच्या राज्य शासनाच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पातही घरोघर जाण्याचे काम आशांवरच सोपवले गेले.

तेव्हा प्रश्नावली ठेवावी, पण तिची भाषा बदलून पाहावी. ‘उदास वाटते का’ याला आपल्याकडे उत्तर मिळत नाही. ‘वावरात जावंसं वाटते का’, ‘जीव लागते का कशात’, ‘रात्री किती वाजता जाग येते’ याला मिळते. सुनेसमोर किंवा शेजाऱ्यांसमोर विचारू नये. मरणाच्या विचारांविषयी विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो अशी भीती अनेक ताईंना वाटते, परंतु तसे होत नाही. उलट कोणीतरी विचारले याचाच आधार वाटतो. चित्राचा उपयोग करायचाच असेल तर तो बोलणे सुरू होण्यासाठी करावा. एका आजोबांना अंगणातल्या मातीत काडीने आपले वावर काढून दाखवायला सांगितले, तेव्हा विहिरीचा गोल काढून त्यांचा हात थांबला आणि मग ते अर्धा तास बोलत होते. त्या थांबण्याचे मिलिसेकंद कोणी मोजले नाहीत, आणि त्यावाचून काही अडलेही नाही.

प्रश्न : माझे वडील बासष्ट वर्षांचे असून चौथीपर्यंत शिकले आहेत. हल्ली ते विसरतात म्हणून शहरातील एका दवाखान्यात नेले. तेथे त्यांना पडद्यावर पेनने घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगितले. त्यांना ते जमले नाही आणि ‘स्मृतिभ्रंशाची शक्यता’ असा कागद हातात मिळाला. आम्ही सगळे हादरलो आहोत. (वर्धा जिल्हा)

उत्तर : घड्याळाची चाचणी ही चित्रांच्या चाचण्यांमधली सर्वांत भरवशाची आहे, आणि म्हणूनच ती कोणाला द्यावी याचे भान असावे लागते. वर्तुळात बारा आकडे बसवण्यासाठी आखणी करावी लागते आणि काटे दाखवण्यासाठी सूचना लक्षात ठेवावी लागते. ‘अकरा वाजून दहा’ ही वेळ मुद्दाम निवडलेली असते, कारण ‘दहा’ ऐकताच मोठा काटा दहाच्या आकड्याकडे ओढला जातो आणि तो मोह आवरून दोनवर नेण्यासाठी मेंदूचा पुढचा भाग शाबूत असावा लागतो. अमेरिकेत लेही क्लिनिक हे रुग्णालय आणि एमआयटी ही तंत्रशिक्षण संस्था येथील संशोधकांनी डिजिटल पेन वापरून या चाचणीतला प्रत्येक थांबा मोजण्याची पद्धत विकसित केली. बाहेरून बिनचूक दिसणारे घड्याळ काढायला एखाद्याला किती विचार करावा लागला, हे तिच्यातून दिसते आणि आजाराची चाहूल लवकर लागू शकते.

परंतु ज्याने आयुष्यभर सूर्य आणि एसटीची वेळ पाहून दिवस काढला, पेन फक्त सहीपुरते धरले, त्याला ही चाचणी मुळातच अवघड जाते. शिक्षणाचा या चाचणीवर मोठा परिणाम होतो. हरियाणातील बल्लभगढ परिसरात वृद्धांचा अभ्यास करताना याच अडचणीमुळे निरक्षर ग्रामीण लोकांसाठी स्मृतीची वेगळी हिंदी चाचणी तयार करावी लागली होती, आणि ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्या वडिलांना घड्याळ जमले नाही, यापेक्षा मला या गोष्टी जाणून घ्यायला आवडतील : ओळखीच्या पांदणीने जाताना ते वाट चुकतात का, बैलांना पाणी पाजले हे विसरून पुन्हा नेतात का, बाजारातला सुट्ट्या पैशांचा हिशेब चुकतो का, आणि हे सहा महिन्यांत वाढले का. ही माहिती आपण आणि आपल्या आईने मिळून कागदावर लिहावी आणि सेवाग्राम किंवा नागपूरच्या मोठ्या रुग्णालयात मेंदुविकार किंवा मानसोपचार विभागात दाखवावी. तेथे बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी करून घ्यावी, डोळे आणि कान तपासावेत, डोक्याला पूर्वी मार लागला होता का ते सांगावे. उतारवयातले नैराश्यही विसरभोळेपणाचे सोंग घेऊन येते आणि ते उपचाराने बरे होते.

प्रश्न : मी गोंदियात पदवीचे शिक्षण घेत आहे. मोबाइलवर एक अ‍ॅप रोज बोटाने सर्पिल, म्हणजे आतून बाहेर गोल गोल फिरत जाणारी रेघ, काढायला लावते आणि ‘आजचा मूड’ म्हणून गुण देते. गेल्या आठवड्यात सलग चार दिवस कमी गुण आले. मला नैराश्य आहे का?

उत्तर : सर्पिलाची चाचणी मुख्यतः हाताची थरथर ओळखण्यासाठी आहे, कंपवात आणि तत्सम आजारांत मेंदुविकारतज्ज्ञ ती कागदावर अनेक वर्षांपासून वापरत आले आहेत. तिच्यावरून ‘मूड’ सांगणे ही अ‍ॅप बनवणाऱ्यांची उडी आहे. अपुरी झोप, चहाचे चार कप, बसमध्ये उभ्याने काढलेले चित्र किंवा पडद्याला लागलेला घाम, यांतले काहीही गुण खाली आणू शकते. या प्रकारच्या मोजणीला पुढे काही अर्थ येईलच, तर तो एकाच माणसाची, एकाच उपकरणावरची, अनेक महिन्यांची नोंद त्याच्याच पूर्वीच्या नोंदीशी ताडून, आणि तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, असे मला वाटते.

आपल्या प्रश्नात मला काळजीची गोष्ट दिसते ती वेगळी. गुण कमी आले म्हणून आपण चार दिवस वाईट मनःस्थितीत काढलेत, की वाईट मनःस्थिती आधीपासून होती म्हणून हे अ‍ॅप उतरवून घेतलेत? दुसरे असेल, आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक, अभ्यास यांवर परिणाम झाला असेल, तर टेलि-मानस या फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणाऱ्या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली असून ती निःशुल्क आहे, रात्रीही चालते आणि तेथे मराठीत बोलता येते. मरणाचे विचार येत असतील तर सकाळची वाट न पाहता घरातल्या कोणाला तरी उठवून सांगावे आणि तेव्हाच फोन लावावा. अ‍ॅप काढून टाकण्यापूर्वी मात्र त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन आपले खाते आणि माहिती पुसण्याची विनंती नोंदवावी, कारण मोबाइलवरून अ‍ॅप गेले तरी कंपनीकडे जमा झालेली आपली चित्रे तेवढ्याने पुसली जात नाहीत.